महिरपीवरचा वर्ख

आमच्या गावच्या घरातील देव्हाऱ्याची महिरप गेली तीस-पस्तीस वर्षे तपकिरी होती आणि ती मुळात तशीच असावी, असे आम्ही सगळी भावंडे धरून चाललो होतो. फणसाच्या लाकडात कोरलेली वेल, दोन्ही खांबांवर एकेक मोर, मध्यभागी कीर्तिमुख, आणि या सगळ्यावर जाडसर, मातकट, जागोजागी हिरवट पडलेला एक थर. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधीच्या साफसफाईत डाव्या मोराच्या पंखाखालचा एक टवका निघाला आणि त्याखाली नखाएवढ्या जागेत पिवळेधमक सोने दिसले. ते काळवंडलेले नव्हते, मळलेले नव्हते. काल लावल्यासारखे स्वच्छ होते.

काकीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगो, पूर्वी ती सगळीच अशी चकाकायची. मग मधे मधे लाल पडायला लागली, म्हणून तुझ्या आजोबांनी तिला सोनेरी रंग लावून घेतला." या एका वाक्यात महिरपीचा सगळा इतिहास होता. त्यातला 'लाल पडायला लागली' हा भाग मला त्या वेळी कळला नाही, आणि तो कळावा म्हणूनच मी पुढची दोन वर्षे वर्खकाम शिकण्यात घालवली.

वर्ख हा शब्द आपल्याला ठाऊक असतो तो मिठाईमुळे. काजूकतलीवर चिकटलेला चांदीचा पापुद्रा किती पातळ असतो, हे बोटाला लागल्यावर समजते. खाण्याच्या चांदीच्या वर्खासाठी आपल्याकडे २०१६ मध्ये जे नियम झाले, त्यांत एका चौरस मीटरला जास्तीत जास्त २.८ ग्रॅम ही मर्यादा आहे. त्या मर्यादेतला वर्ख सुमारे पाव मायक्रॉन जाड भरतो, आणि लाकडावर लावायचा सोन्याचा वर्ख त्याच्या निम्म्याहूनही पातळ, म्हणजे साधारण एक दशांश मायक्रॉन असतो. असे दहा हजार वर्ख एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर उंची होईल. ८० मिलिमीटर बाजू असलेल्या पंचवीस चौकोनी वर्खांची एक वही मिळते, आणि त्या संपूर्ण वहीत अर्धा ग्रॅमसुद्धा सोने नसते. एक वर्ख खिडकीसमोर धरला, तर त्याच्या आरपार हिरवट-निळा उजेड दिसतो. प्रथम पाहिले तेव्हा मी कितीतरी वेळ तो तसाच धरून बसले होते, कारण ज्या धातूला आपण जड म्हणूनच ओळखतो, त्याच्या पलीकडचे आंब्याचे झाड मला दिसत होते.

इतक्या पातळ सोन्याला स्वतःचा असा आधार काहीच नसतो. त्याखाली जे असेल, तेच ते दाखवते. म्हणून जुने कारागीर उघड्या लाकडावर वर्ख लावत नसत. आधी लाकडाला सरसाचे पाणी पाजायचे, मग सरस आणि खडूची वस्त्रगाळ पूड यांचे पांढरे अस्तर आठ-दहा वेळा द्यायचे, ते घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे, आणि त्यावर गेरूच्या जातीच्या, लोण्यासारख्या मऊ अशा तांबड्या मातीचे तीन-चार पातळ हात द्यायचे. ही माती सोन्याला बूड देते आणि ऊबही देते. तिच्यामुळे सोने फिक्कट, हिरवट न दिसता भरीव दिसते. मग त्या मातीवर पाण्याचा ओला हात फिरवला की खालचा सरस जागा होतो, वर टेकवलेला वर्ख ओढून घेतो, आणि काही तासांनी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटला की तो घडीव सोन्यासारखा चमकू लागतो.

आता 'लाल पडायला लागली' म्हणजे काय, ते उघड होते. या सगळ्या रचनेला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे सरस, आणि सरस पाण्यात सुटतो. आमच्याकडे दर चतुर्थीला आणि दर दिवाळीला देव्हारा ओल्या फडक्याने पुसण्याची रीत होती. ती श्रद्धेनेच चालत आली होती आणि त्यात कुणाची हयगय नव्हती. परंतु दरवर्षी त्या फडक्याबरोबर थोडासा वर्ख जात होता. मोराची छाती, वेलीची पाने, कीर्तिमुखाचे गाल अशा उंच भागांवरचा वर्ख आधी गेला आणि खालची तांबडी माती उघडी पडली. खोलगट भागांत फडके पोहोचतच नव्हते, त्यामुळे तिथले सोने शाबूत राहिले. नंतर मी रंग काढला, तेव्हा हा नकाशा मला अगदी जसाच्या तसा वाचता आला. कुठे फडके जोरात फिरले होते, कुठे पुसणाऱ्या हाताची दिशा होती, हेसुद्धा त्यात दिसत होते.

आणि मग त्यावर सोनेरी रंग आला. दुकानात डब्यात मिळणारा सोनेरी रंग म्हणजे सोने नव्हे. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची, म्हणजे एका अर्थी पितळेचीच, बारीक पूड वार्निशात कालवलेली असते. लावल्यावर पहिले काही महिने ती छान दिसते. पुढे हवा, दमटपणा आणि समईच्या तेलाची धग यांनी तांब्यावर जे व्हायचे ते होते: आधी तपकिरी, मग हिरवट. कोकणातल्या पावसात तर हे फारच लवकर होते. म्हणजे जी वस्तू उजळावी म्हणून तो रंग लावला, ती वस्तू त्यानेच काळवंडून टाकली, आणि खाली जे सोने कधीही काळे पडणार नव्हते ते दिसेनासे केले. हे केवळ आमच्या घरापुरते नाही. जुनी देवळे आणि जुन्या चर्चमधले लाकडी कोरीवकाम पाहायची मला आता सवय लागली आहे, आणि अनेक ठिकाणी, ज्यांची नावे मी इथे घेणार नाही, मला हाच तपकिरी-हिरवा थर दिसला. त्याखाली काय आहे, हे कोणीतरी टवका काढून पाहिले पाहिजे, असे प्रत्येक वेळी वाटते.

चांगले राखलेले वर्खकाम कसे दिसते, हे पाहण्यासाठी आम्हाला फार लांब जावे लागत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत १६०५ मध्ये उपासना सुरू झाली. तिच्या मुख्य वेदीमागची सोन्याने मढलेली लाकडी भिंत आणि शेजारच्या से कॅथेड्रलमधील संत कॅथरीनची उंच वेदी पाहिली, की कोरीव लाकडावरचा वर्ख म्हणजे काय, ते कळते. पोर्तुगीज भाषेत अशा कामाला 'ताल्या दोरादा', म्हणजे सोनेरी कोरीवकाम, असे म्हणतात. शैली पोर्तुगालहून आली, पण लाकूड कोरणारे आणि घडवणारे हात पुष्कळसे इथलेच होते, आणि त्या फुलापानांत ते हात ओळखू येतात. मी से कॅथेड्रलच्या वेदीसमोर सकाळी आणि पुन्हा दुपारी अशी दोनदा बसले. उजेडाची दिशा बदलली तसे घोटलेले भाग आणि न घोटलेले भाग वेगवेगळे होत गेले. सोन्याचा रंग एकच होता. पण एका जागी ते आरशासारखे होते आणि दुसऱ्या जागी मऊ, कापडासारखे. सोनेरी रंगात हा फरक कधीच येत नाही, कारण रंगातला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून पडलेला असतो.

शिकवायला मला एक वयस्क मेस्त्रीकाका भेटले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी गोव्यात वेद्यांच्या दुरुस्तीची कामे केली होती, आणि काकांनी मुलगा म्हणून त्यांच्या हाताखाली सरस ढवळला होता. त्यांनी मला पहिले तीन महिने वर्खाला हातही लावू दिला नाही. फळीवर अस्तर देणे, घासणे, पुन्हा देणे, एवढेच काम होते. एकदा पुण्याला परत आल्यावर ऐन जुलैत मी घरी स्वतंत्रपणे एक फळी करायला घेतली. वरचे थर मजबूत व्हावेत म्हणून शेवटच्या तीन हातांत मी सरस जास्त घातला. चौथ्या दिवशी संपूर्ण अस्तराला आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात पापुद्रा वळून वर आला होता. मी फोटो पाठवला, तेव्हा काकांनी फोनवर सांगितले की जोर तळाला असावा आणि वर चढत जाताना तो कमी होत जावा. सरस वाळताना आकसतो; वरचा थर खालच्यापेक्षा जोरकस असेल, तर तो आकसताना खालच्याला उपटतो. पुढच्या फळीत मी प्रत्येक हाताला थोडे थोडे पाणी वाढवत गेले, आणि ती फळी आजही साबूत आहे.

घोटण्याची वेळ ओळखणे हा या विद्येतला सर्वांत नाजूक भाग आहे, असे मला वाटते. अस्तर फार ओले असताना दगड फिरवला, तर वर्ख सालीसारखा निघून येतो. फार वाळल्यावर फिरवला, तर कितीही घोटले तरी चमक येत नाही. उन्हाळ्यात ही मधली वेळ दोन-तीन तासांत येऊन निघून जाते, पावसाळ्यात दुसरा दिवस उजाडतो. घड्याळ तिथे उपयोगाचे नाही. काकांनी दगडाचे टोक फळीवर हलकेच आपटून दाखवले आणि म्हणाले, "सरस काय सांगता ता आयक, बाय." आत ओल असेल तर आवाज दबका येतो, वेळ झाली की काचेवर नख वाजवावे तसा टिकटिक आवाज येतो. तो आवाज मला ओळखू यायला लागला, त्या दिवशी काकांनी त्यांच्याकडचा, गुजरातेतल्या खंबायतचा अकीकाचा घोटा मला वापरायला दिला. वाघनखासारखा वळलेला, करड्या रंगाचा, हातात धरून धरून मूठ काळी पडलेला तो दगड आहे.

महिरपीला हात लावण्याआधी मात्र तिची तपासणी केली. मागच्या बाजूच्या एका दडलेल्या कोपऱ्यात कापसाची ओली काडी टेकवली, तर तिला लगेच तांबडी माती लागली. दुसऱ्या काडीने स्पिरिट लावले, तर वर्खाला काही झाले नाही. म्हणजे खालचे काम पाण्याच्या पद्धतीचे, सरसावरचे होते. गावच्या सोनाराकडे एक सुटा कण नेला आणि त्यावर तेजाबाचा थेंब टाकून घेतला. पितळी वर्ख असता तर तो हिरवा होऊन विरघळला असता. हा कण तसाच तरंगत राहिला. सोनाराने चष्मा वर करून मला विचारले, "कुठल्या दागिन्याचो?" देव्हाऱ्याचा आहे म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत.

सोनेरी रंग काढायला मला एक सबंध मे महिना आणि पुढच्या वर्षीचे पंधरा दिवस लागले. पाणी वापरता येत नव्हते, खरवडता येत नव्हते. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, तो ॲसिटोनमध्ये जेमतेम ओला करून, एका जागी काही क्षण टेकवायचा, रंग मऊ झाला की घरंगळत उचलायचा, काडी टाकून द्यायची आणि नवी घ्यायची. खिडक्या उघड्या ठेवून बसावे लागे आणि तरी डोके जड होई. एका बैठकीत तळहाताएवढीही जागा होत नसे. पण उजव्या मोराच्या पिसाऱ्यातले खाचखळगे उघडे झाले, तेव्हा तिथे वर्खांच्या जोडांच्या बारीक आडव्या रेघा सारख्या अंतराने दिसल्या. त्या कारागिराने एक वर्ख दुसऱ्यावर किंचित चढवून कसा टेकवला होता, ते मला दिसले. त्याचे नाव घरात कोणाला माहीत नाही. त्याच्या हाताची ही एवढी खूण राहिली आहे, आणि ती तीस-पस्तीस वर्षे पितळेच्या पुडीखाली होती.

गेलेल्या भागांचे काय करायचे, हा प्रश्न नंतर आला. माझा विचार पुन्हा सरसाचे अस्तर देऊन सगळे पहिल्यासारखे घोटीव करण्याचा होता. काकीने सरस कशाचा करतात ते विचारले; जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून होतो, हे मी सांगितले, आणि ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पूर्वी काय होते ते मला माहीत नाही. पण आता माहीत असताना देवाला नको." मला तिचे म्हणणे पटले. ज्या घरात ती महिरप रोज पुजली जाते, त्या घराचा शब्द कारागिराने मानावा असे मला वाटते. शिवाय नवे काम जुन्यापासून वेगळे ओळखू येणे हेही योग्यच होते.

वाट सापडली ती तंजावरात. तिथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे मराठी राज्य होते, आणि त्या दरबाराच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात तिथल्या सोनेरी देवचित्रांना मोठा आश्रय मिळाला. त्या चित्रांत फळीवर कापड चिकटवून खडूची पूड, डिंक आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने दागिने, प्रभावळ आणि कमानी उठावाने घडवतात, त्यांत खडे बसवतात आणि मग उठावावर सोन्याचा पत्रा चिकटवतात. तो पत्रा आपल्या वर्खापेक्षा जाड असतो आणि तो घोटत नाहीत. उठावच उजेडाला खेळवतो. माझ्या कामापुरते मी त्यातून एकच घेतले: चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून केलेल्या खळीत खडूची पूड आणि थोडा डिंक घालून मी उडालेल्या जागा भरल्या. हे काम काकीने स्वतः केले म्हटले तरी चालेल, कारण खळ किती दाट असावी हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

भरलेल्या जागा वाळल्यावर त्यांवर गेरूचा हात दिला, मग तेल आत शोषले जाऊ नये म्हणून लाखेच्या पॉलिशचा पातळ थर दिला, आणि त्यावर जवसाचे पकवलेले चिकट तेल अगदी पातळ ओढले. तेलाच्या पद्धतीत थांबणे हेच काम असते. तेल ओले असताना वर्ख टेकवला तर तो बुडतो आणि कायमचा निस्तेज होतो. बोटाचे पेर टेकवून उचलले की किंचित ओढ लागून बारीक 'टच' आवाज यावा, पण बोटाला तेल लागू नये. ती वेळ आमच्या तेलाला रात्री लावून सकाळी आली. पहाटे साडेपाचला पंखा बंद, दारे बंद, आणि घरातल्या सगळ्यांना ओटीवर बसवलेले, कारण कोणी दार उघडले तरी वर्ख उडतो. कातडी उशीच्या ऐवजी मी फळीवर कापूस आणि घट्ट कापड ताणून बसवले होते. वहीतला वर्ख त्यावर उतरवायचा, मधोमध हलकी फुंकर घालायची म्हणजे तो पसरतो, सुरीने हवा तेवढा कापायचा. मग मऊ केसांचा चपटा कुंचला गालावर एकदा फिरवायचा. त्वचेचा जेवढा स्निग्धपणा केसांना लागतो, तेवढ्याने वर्ख कुंचल्याला चिकटतो आणि तेलाजवळ नेताच स्वतःहून झेप घेऊन बसतो. त्या झेपेकडे पाहताना मी दर वेळी श्वास धरत असे, आणि धरावाच लागतो. छातीचा भाग भरायला सहा तुकडे लागले. मधे राहिलेल्या फटींवर उरलेल्या चुऱ्याचे ठिगळ बसले. शेवटी कापसाने हळू दाबून, मऊ कुंचल्याने सुटे कण झाडून घेतले. तो चुरा काकीने कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवला आहे.

आता समई लावली की महिरपीतले दोन कारागीर वेगवेगळे दिसतात. खोलगट भागांत जुन्याची घोटीव चमक आहे, उंच भागांवर माझा मऊ, न घोटलेला वर्ख आहे. उजव्या खांबाच्या तळाशी पन्हाळीसारखी जी नक्षी आहे, तिथला वर्ख गेलेला असूनही मी भरला नाही. तिथली तांबडी माती आणि तिच्यावर राहिलेल्या सोन्याच्या रेषा इतक्या शांत दिसत होत्या की तिथे काही करावेसे वाटले नाही. ओले फडके देव्हाऱ्याजवळून हलवले आहे. त्या जागी खुंटीला एक कोरडा, मऊ केसांचा कुंचला टांगला आहे, आणि महिरपीच्या पाठीमागे उघड्या लाकडावर मी पेन्सिलने लिहून ठेवले आहे: "दोन्ही मोरांची छाती, कीर्तिमुखाचे गाल व वरच्या वेलीची पाने येथे नवा वर्ख, खाली चिंचोक्याची खळ व जवसाचे तेल. बाकीचा वर्ख जुना, सरसावरचा. पाण्याने पुसू नये. सोनेरी रंग लावू नये."